मोटारीची निगा : नवा धंदा, जुने शहाणपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बीड येथे दिलेले भाषण. छपाईसाठी किंचित आटोपशीर केले आहे.)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी “स्वतःच्या धंद्याविषयी चार शब्द सांगा” अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वक्ता नव्हे. विद्वान तर नव्हेच नव्हे. ज्याचे हात दिवसभर ओले असतात त्याने तोंड फारसे चालवू नये, असे माझे वडील म्हणत. परंतु चिटणीसमहाशयांनी आग्रह धरला, आणि वडीलधाऱ्यांचा शब्द मोडणे मला शक्य झाले नाही. तेव्हा जे अनुभवले तेवढेच सांगेन. काही उणे-अधिक झाल्यास आपण पदरात घ्यावे.

आरंभी एक घरगुती गोष्ट सांगतो. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती त्या काळात एका स्थळाकडील मंडळींनी मध्यस्थांना विचारले, “मुलगा काय करतो?” मध्यस्थ सरळ मनाचे होते. त्यांनी उत्तर दिले, “गाड्या धुतो.” ते स्थळ तेथेच थांबले. मुलीच्या वडिलांचा मला राग आला नाही. त्यांना वाटले, बापाने घाटावर आणि लाँड्रीत जन्म काढला, मुलगा शिकला-सवरला, पुण्याला जाऊन आला, आणि अखेर धुण्याकडेच परतला. मग पुढे सरकले काय? हा प्रश्न आज आपल्या परीट समाजातील पुष्कळ घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर रागाने देता येणार नाही. धंदा काय आहे हे नीट मांडले, तरच ते देता येईल. म्हणून आजचा विषय मी तोच घेतला आहे.

ज्याला इंग्रजी शब्दानेच सर्वत्र ‘कार डिटेलिंग’ म्हणतात, त्याला मी ‘मोटारीची निगा’ म्हणतो. नळीचे पाणी मारून, साबणाचा फेस उडवून अर्ध्या तासात गाडी परत करणे हे धुणे झाले. धुणे ही निगेची केवळ पहिली पायरी होय. रंगावर बसलेला आणि रंगात रुतलेला मळ ओळखून काढणे, ओरखडे कमी करणे, आतील कापड, चामडे व प्लास्टिक यांची प्रकृती पाहून त्यांना स्वच्छ करणे, आणि शेवटी ऊन, धूळ व पाणी यांपासून रंगाला संरक्षण देणे, इतकी कामे त्यात येतात. एका गाडीला कधी एक दिवस लागतो, कधी तीन.

मी २०११ साली पुण्यास गेलो आणि चार वर्षे अशाच एका कार्यशाळेत राबलो. पहिले सहा महिने माझ्या हातात केवळ फडकी दिली होती. ती धुवायची, वाळवायची, घडी घालायची. बरोबरची मुले या कामाला कंटाळत. मला मात्र त्यात घर सापडले. मायक्रोफायबरचे फडके म्हणजे पॉलिएस्टर व नायलॉन यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे कापड. ते सुती कपड्यांत मिसळून धुतले तर त्याला सुताची कुसे चिकटतात. फार गरम पाण्यात किंवा कडक उष्णतेत वाळवले तर तंतूंची टोके कडक होतात, आणि मग तेच फडके रंगावर चरे पाडते. हे तेथील उस्तादांनी मला समजावण्यापूर्वीच माझे हात जाणत होते. कारण ‘कापड ओळखा, मग पाणी ठरवा’ हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

वडिलांचे लाँड्रीतील नियम चार होते. पहिला : आधी निवडून वेगळे करा. दुसरा : नवे औषध आधी कोपऱ्यात लावून पाहा. तिसरा : सौम्यापासून आरंभ करा, कडकाकडे नाइलाजाने जा. चौथा आणि सर्वांत थोर : मळ काढावा, कापड काढू नये. पुण्यात पुढे मला जी विद्या मिळाली ती सारी या चार नियमांत बसते, असे मी आज विचारपूर्वक म्हणतो.

पहिला नियम घ्या. आपल्या जिल्ह्यात मळ एक जातीचा नाही. परळीकडून येणाऱ्या गाडीवर औष्णिक वीजकेंद्राच्या राखेची भुकटी असते. ती डोळ्यांना पिठासारखी मऊ दिसते, परंतु तिचे कण काचेच्या जातीचे असतात. कोरड्या फडक्याने ती पुसली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटतात. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या आसपास उभ्या राहिलेल्या गाडीवर धुराड्याची काजळी पडलेली असते. गेवराई-माजलगावकडील काळी माती पावसात चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. ती खरवडायची नसते, भिजवून सुटू द्यायची असते. बोअरचे जड पाणी तर आपल्याला ठाऊकच आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या पाण्याचे थेंब उन्हात तापलेल्या बॉनेटवर वाळले की चुन्याची पांढरी वर्तुळे उरतात. म्हणून आम्ही गाडी सावलीत घेतो, पत्रा गार होऊ देतो आणि शेवटचा हात शुद्ध केलेल्या पाण्याचा देतो. चाकांची फडकी वेगळी, अंगाची वेगळी, काचेची वेगळी. एका बादलीत शॅम्पू आणि दुसरीत साधे पाणी. मळलेला हातमोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचे, खालून वर कधी जायचे नाही. दारात उभी असलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने झटकण्याची आपल्याकडे रीत आहे. भगिनींनो, आपल्या घरी ती असेल तर आजपासून बंद करावी. निम्मे ओरखडे त्या फडक्याचेच असतात.

दुसरा नियम कोपऱ्याचा. दसऱ्याला गाडीची पूजा होते, हळदीचा हात सीटला लागतो, आणि घरचे लोक लगेच साबण घासतात. डाग पिवळ्याचा लाल होतो व सारे घाबरतात. आपल्या समाजातील कोणत्याही आजीला विचारा, ती सांगेल की हळद साबणाच्या खाराने लाल होते आणि उन्हाने फिकी पडते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु हे ज्ञान नसलेला मनुष्य त्यावर आणखी कडक द्रव्य ओततो आणि सीटचे कापडच विटवून बसतो. आम्ही प्रत्येक द्रव्य प्रथम सीटखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागावर लावून पाहतो. तसेच कापड भिजवावे, पण चिंब करू नये. आत फोममध्ये पाणी राहिले तर आठ दिवसांत दुर्गंधी सुटते, आणि ती काढणे डाग काढण्याहून कठीण असते.

तिसरा नियम सौम्यतेचा. प्रथम शॅम्पू. त्याने न गेलेल्या लोखंडी कणांसाठी, म्हणजे मुख्यतः ब्रेकच्या भुकटीसाठी, एक द्रव मिळतो. तो लोखंडाला लागला की जांभळा ओघळ येतो आणि मळ कोठे आहे ते दिसते. त्यानंतरही हाताला खरखर लागली तर ओली चिकणमातीसारखी वडी भरपूर निसरड्या पाण्यावर फिरवतात. ती रुतलेले कण उचलून घेते. मगच पॉलिश, तेही बारीक. बारीक पॉलिशने भागले नाही तरच जाड कंपाउंड. जो चरा नखाला अडकतो तो बहुधा पॉलिशने जात नाही. तो पुरता घालवायचा हट्ट धरू नये. त्याच्या कडा मऊ करून तो कमी दिसेल इतके करावे, आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे.

आता चौथा नियम. येथे मला आपले विशेष लक्ष हवे आहे.

मोटारीच्या पत्र्यावर गंजापासून वाचविणारे अस्तर, मग रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असे थर असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवरील या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. वहीचा एक कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे सारा रंग एक-दीड कागदाएवढा. त्यातील वरचा पारदर्शक लेप बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. ऊन सोसण्याची शक्ती याच लेपात असते. पॉलिश करणे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा लेप झिजवून पृष्ठभाग सपाट करणे. चकाकी ही बाहेरून आणून लावलेली वस्तू नव्हे, ती मुद्दलातून काढलेली रक्कम आहे. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, कंपाउंडने त्याच्या कितीतरी पट. गेलेला लेप पुन्हा रंगकाम केल्यावाचून परत येत नाही.

हे मला पुण्यात सांगितले गेले होते. परंतु सांगितलेले आणि समजलेले यांत अंतर असते. २०१५ च्या दसऱ्याला बीडमध्ये बार्शी नाक्याच्या बाजूला भाड्याच्या शेडमध्ये मी धंदा मांडला. बँकेचे कर्ज काढून गोल फिरणारे वजनदार पॉलिश यंत्र घेतले. रंगाची जाडी मोजण्याचे उपकरण मात्र ‘पुढे घेऊ’ म्हणून टाळले. तिसऱ्याच महिन्यात एका गृहस्थांच्या गाडीच्या बॉनेटच्या कडेवर यंत्र क्षणभर जास्त टेकले. कडेला लेप आधीच पातळ असतो आणि उष्णता तेथे साठते. बोटाएवढ्या जागेतला लेप उडाला. त्यावर मेण चोळून गाडी दिली असती तर महिनाभर कोणाला कळले नसते. मजजवळच्या मुलाने तसे सुचविलेही. मी त्या गृहस्थांना बोलावून जागा दाखविली आणि बॉनेट रंगवून देण्याचा खर्च सोसला. त्या महिन्याचे भाडे मला पत्नीच्या साठवणीतून द्यावे लागले. ते गृहस्थ पुन्हा माझ्याकडे आले नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मी मानत नाही. परंतु पुढच्या महिन्यात मी यंत्रासाठी नवी गादी न घेता जाडी मोजण्याचे उपकरण घेतले. आज कोणतीही गाडी आली की प्रथम जागोजागचे आकडे मालकासमोर कागदावर लिहितो. एखाद्या दरवाजावर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट आला तर तो भाग पूर्वी रंगविलेला आहे असे समजावे. फार कमी आला तर तेथे यंत्र लावू नये. प्लास्टिकच्या बंपरवर हे उपकरण चालत नाही, तेथे अनुभव आणि भीती यांवरच भिस्त ठेवावी लागते. कित्येक गाड्या मी “याला पॉलिश नको, नुसते धुऊन संरक्षण द्या” असे सांगून थोड्या पैशांत परत पाठविल्या आहेत. या धंद्यात हात चालविणारे पुष्कळ आहेत. हात थांबविणारा तो कारागीर.

दुसरे मुद्दल पाण्याचे. आपला जिल्हा बालाघाटाच्या कुशीतला, अवर्षणाच्या पट्ट्यातला. माझा धंदा जेमतेम चार महिन्यांचा झाला आणि २०१६ चा उन्हाळा आला. त्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्या स्मरणात आहे. मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला; ते आटले म्हणून लातूर आटले. त्या दिवसांत मी टँकरचे पाणी विकत घेऊन गाड्या धूत होतो. एके सकाळी शेजारच्या गल्लीतील एक वृद्ध बाई दोन रिकाम्या घागरी घेऊन शेडसमोर उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बाळा, गाडीला तहान लागते का रे?”

मी नळी बंद केली. घागरी भरून दिल्या, हे सांगण्यात काही थोरवी नाही. खरा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा होता : हप्ता तर भरायचा आहे, आणि पाणी तर वापरायचे नाही. त्या पंधरा दिवसांत मी ‘विना-खंगाळ’ पद्धत शिकलो. पाण्यात एक विशिष्ट द्रव अल्प प्रमाणात घालतात. तो मळाच्या कणांभोवती निसरडे वेष्टन तयार करतो. त्या पाण्यात भिजविलेली दहा-बारा फडकी घ्यायची, प्रत्येकाच्या घड्या घालून एक बाजू एकदाच वापरायची, एका दिशेने हलका हात फिरवायचा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. नळीने आमच्याकडे एका गाडीला दीडशे ते दोनशे लिटर पाणी जात होते; या रीतीने आठ-दहा लिटरमध्ये भागू लागले. चिखलाने लडबडलेल्या गाडीला ही पद्धत चालत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिला आधी पाण्याचा जोर लागतोच. त्यासाठी आम्ही तीन कप्प्यांची निवळण-टाकी बांधली. निवळलेले पाणी गाडीच्या पोटाला आणि चाकांच्या कमानींना वापरतो, रंगाला नाही. आणि तेल व गाळ गटारात सोडत नाही.

बीडच्या बाहेर सोलापूर रस्त्याला खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. जमिनीखालच्या नाल्यांनी तिचे पाणी चढावाशिवाय शेतांकडे वाहत जाते. मी मुलांना ती दाखवावयास नेतो. ज्यांनी पाण्याच्या जागेला ‘खजाना’ हे नाव दिले, ते आपल्यापेक्षा हिशेबात पक्के होते.

तिसरे मुद्दल ग्राहकाच्या विश्वासाचे. अलीकडे सिरॅमिक कोटिंगचा मोठा बोलबाला आहे. ते वाईट नाही, मीही लावतो. सिलिकाच्या जातीचा तो लेप रंगाला घट्ट धरतो, पाणी व धूळ सहज सोडून देतो, उन्हापासून काही बचाव करतो. परंतु त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. ‘आता गाडीला चरा पडणारच नाही’ असे जो सांगतो तो ग्राहकाला फसवितो. दगडाच्या मारापासून वाचवायचे असेल तर जाड पारदर्शक फिल्म लागते, आणि तिची किंमतही तशीच जाड असते. शिवाय कोटिंगखाली जे असेल ते तसेच झाकले जाते. म्हणून आधीची स्वच्छता आणि पॉलिश हेच खरे काम, लेप हा शेवटचा हात. कोटिंग ही दिवाळी आहे, महिन्याची निगा ही रोजची भाकरी आहे. माझे घर भाकरीवर चालते. महिन्यातून दोन वेळा येणारे ठरलेले ग्राहक असले की कापूस-उसाचा पैसा बाजारात येण्याआधीचे रिकामे महिनेही निभावतात. नव्याने धंदा काढणाऱ्याने प्रथम अशी ओळखीची गिऱ्हाइके जोडावीत, मग महागडी यंत्रे घ्यावीत.

आणखी एक गोष्ट मुलांच्या जिवाची. चाके झटपट चमकावीत म्हणून काही ठिकाणी कडक आम्ले वापरतात. त्यांतील हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीतून आत हाडापर्यंत इजा करते आणि दुखणे कधी कधी उशिरा कळते. असले द्रव्य माझ्या शेडमध्ये येत नाही. ओल्या फरशीवर विजेचे यंत्र चालते, म्हणून अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच यांवर केलेला खर्च हा खर्च समजू नये. हातमोजे, मास्क आणि हवा खेळती राहील असे छप्पर, इतके नसेल तर धंदा काढूच नये. आपल्या वडिलांच्या पिढीने सोडा आणि भट्टीच्या वाफेत हात भाजून घेतले. तो वारसा पुढे न्यावयाचा नाही.

बंधुभगिनींनो, स्वच्छतेच्या कामाला कमी लेखण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही. गाडगेबाबा आपल्याच समाजात १८७६ साली जन्मले. गावात पाऊल टाकताच ते प्रथम हातात खराटा घेत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांनी झाडणे आणि बोलणे यांत उच्च-नीच मानले नाही. परंतु त्यांचे नाव घेऊन मुलांना ‘पिढीजात धंदाच करा’ असे सांगणाराही मी नव्हे. ज्याला वकील, डॉक्टर, शिक्षक व्हायचे आहे त्याने तेच व्हावे; बाबांचा सारा भर मुलांना शिकविण्यावर होता. माझे म्हणणे एवढेच की, जो हे काम पत्करील त्याने ते विद्या म्हणून पत्करावे, लाज म्हणून नव्हे.

शेवटी मंडळाला एक विनंती. दरवर्षी आपल्यातील कितीतरी मुले पुण्या-चाकणकडे मिळेल त्या कामाला जातात. त्यांतील ज्यांना या धंद्यात रस असेल अशा दोघांना मी दरसाल सहा महिने माझ्याकडे शिकवीन. फी घेणार नाही. जेवण मी देईन. मंडळाने त्यांच्या राहण्याची सोय करावी, आणि शिकून झाल्यावर पहिले जाडी मोजण्याचे उपकरण तेवढे मंडळाच्या निधीतून द्यावे. यंत्र त्यांनी पुढे स्वतःच्या कमाईतून घ्यावे. क्रम असाच असू द्यावा : आधी मापन, मग यंत्र.

राहिली लग्नाची गोष्ट. माझे लग्न पुढे झाले. माझ्या सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारले नाही. ते स्वतः शेडवर आले, एक तास बाकावर बसले आणि मी फडकी कशी धुतो ते पाहत राहिले. उठताना म्हणाले, “हात माहीतगार आहे.” आपल्या घरी कोणी धुण्याचे काम करणारा मुलगा आला, तर आपणही तेवढा एक तास बसून पाहावे, ही माझी प्रार्थना आहे.